दुपारच्या गाडीचे पाहुणे

आमच्या गावात मुलगी पाहायला आलेली मंडळी कशी आहेत हे कुणी चार ठिकाणी चौकशी करून शोधत नसे. ते काम रेल्वे करायची. सकाळी एक पॅसेंजर यायची, संध्याकाळी एक जायची आणि मधल्या वेळात रुळांवर शेळ्या बसायच्या. सकाळी उतरलेला पाहुणा संध्याकाळपर्यंत आमचाच. त्याला पोहे खावे लागायचे, मग जेवावं लागायचं, मग ओसरीवर आडवं व्हावं लागायचं, मग चहा, मग तळ्याच्या पाळीवर चक्कर आणि तळं बघून आल्यावर पुन्हा चहा. खोटं वागणं माणसाला तासभर जमतं. दिवसभर कुणालाच जमत नाही.

माझ्या थोरल्या बहिणीला पाहायला आलेला मुलगा जेवून झोपला आणि उठल्यावर त्यानं चादरीची घडी घातली. मायनं दारातून पाहिलं आणि लग्न तिथंच ठरवलं. मला पाहायला आलेल्या एका बाईंनी तर चहाच्या वेळीच नकार सांगून टाकला होता. पण नकार देऊन जाणार कुठं? मायनं त्यांच्यापुढं तुरीच्या शेंगांचं टोपलं सरकवलं. बाईंनी मुकाट्यानं सगळं टोपलं सोललं. गाडीत चढताना मायचे हात धरून म्हणाल्या, "पोरगी चांगली हाय वो तुमची. आमचाच पोरगा बरा नाई."

अगदीच न पटणाऱ्यांसाठी एक वाट होती, जंगलातून पायी हमरस्त्यावर जायचं आणि बस पकडायची. त्या वाटेवर वाघ असतो. असेल असं नव्हे, असतोच, आणि तो सगळ्यांना ठाऊक आहे. एक मंडळी माझ्या हातचा चहा पिऊन भर दुपारी त्या वाटेनं निघून गेली. "आपल्या घरापेक्षा त्यायले वाघ बरा वाटला," असं माय आजही भांडणात काढते. तेव्हापासून गावानं एक खूण धरली होती. संध्याकाळच्या गाडीपर्यंत थांबले तर आशा आहे, दुपारी उठले तर नकार.

आता बाबांबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्यांनीच केलं.

आमचं स्टेशन म्हणजे हॉल्ट. स्टेशनमास्तर नाही, सिग्नल नाही. एक खोली, तिला एक खिडकी आणि खिडकीमागे बाबा. ते कमिशनवर तिकिटं विकतात. रेल्वेचे नोकर नव्हेत, पण हे त्यांच्या तोंडावर म्हणायची सोय नाही. घर चालतं ते तळ्यातल्या मासोळीवर आणि माझ्या नोकरीवर. मी तालुक्याच्या गावी, मूलला, सरकारी दवाखान्यात रक्त तपासते. अर्ध्या दिवसाची ड्युटी असली तरी संध्याकाळच्या गाडीपर्यंत मी मूलच्या फलाटावर बसून राहायची. त्यामुळे बाबांनी एकच ध्यास घेतला होता, या लाइनीवर दिवसभर गाड्या पाहिजेत. या भागात जो कोणी पुढारी आला त्याच्या हातात बाबांनी निवेदन दिलं. एकदा लग्नाच्या वरातीत घोड्यावर बसलेल्या नवरदेवालाही दिलं, कारण त्याचा काका जिल्हा परिषदेत होता.

आणि एक दिवस निधी मंजूर झाला. दिवसभराच्या गाड्यांसाठी सरकारनं पैसा दिला. फक्त ज्या योजनेतून दिला तिचं नाव होतं उपनगरी सेवा. बाबांनी हॉल्टवर गाव गोळा करून बातमी मोठ्यानं वाचली. सरपंचबाईंनी विचारलं, "भाऊ, उपनगर म्हंजे?"

"मोठ्या शहराच्या भवताल जे गावं राह्यते ते."

"आन शहर कुठी हाय?"

बाबांनी चंद्रपूरच्या दिशेला हात केला. तिकडे नुसतं सागाचं जंगल.

"मधात जंगल हाय, ते?"

"तेबी उपनगरातच येते," बाबा म्हणाले. पैसा परत जाईल अशी त्यांना धास्ती होती.

तेव्हापासून आमचा वाघ उपनगरात राहतो.

निधीतून आधी पाटी आली, निधी मंजूर झाला आहे असं सांगणारी. मग बरेच दिवस फक्त पाटीच होती आणि तिच्या सावलीत बकऱ्या. पण शेवटी फलाट उंच झाला, पत्र्याची शेड आली आणि खरोखर दोन्ही दिशांना गाड्या सुरू झाल्या. सकाळची, दुपारची, चार वाजताची, संध्याकाळची, त्यानंतरची एक. बाबांचं वागणं सहन होईना. माय जेवायला हाक मारायची तर म्हणायचे, "दुपारची जाऊ दे." गावात कुणाला ठसका लागला तरी बाबा विचारत, "वडसेच्या डाक्टरले दाखवतं का? आता गाडी हाय."

अशा दिवसांत आरमोरीहून माझ्यासाठी स्थळ आलं. मुलगा जनावरांच्या दवाखान्यात होता. त्याची आई आणि मामा असे तिघं आले. आरमोरीला रेल्वे नाही. वडशापर्यंत बसनं आणि तिथून आमच्या सकाळच्या गाडीनं. बाबांनी त्यांना हॉल्टवरच अडवून आधी पाटी दाखवली, मग शेड आणि मग घरी आणलं.

मला मंडळींसमोर बसायचा कंटाळा आला होता. पोह्यांच्या बशा मी इतक्या वेळा फिरवल्या होत्या की हाताला त्याची सवय झाली होती, मन कुठंतरी दुसरीकडे असायचं. मोठ्यांनी आम्हाला तळ्याच्या पाळीवर बोलायला पाठवलं, तेव्हाही मी मुकाट चालत होते. मुलानं पाण्याकडे पाहत विचारलं, "तुम्ही रक्त काढता तेव्हा माणूस हलते का?"

"हलते नं. कोनी पळूनबी जाते."

"आमचं बरं हाय," तो गंभीरपणे म्हणाला, "आमी आधी बांधून घेतो."

मला हसू फुटलं. पदर तोंडाला लावून हसायचं ते नव्हे, खरं, पाळीवर धुणं धुणाऱ्या बायांनी वळून पाहिलं असं. मग त्यानं मला एका म्हशीची गोष्ट सांगितली जिला इंजेक्शन देताना तिचा मालकच चक्कर येऊन पडला आणि याला आधी मालकाच्या तोंडावर पाणी मारावं लागलं. मी त्याला मलेरिया नसलेल्या पण असायलाच पाहिजे म्हणून भांडणाऱ्या म्हाताऱ्याची सांगितली. घराकडे परतताना माझ्या लक्षात आलं की हा माणूस मला हवा आहे. असं मला आधी कधी वाटलं नव्हतं, त्यामुळे मी जरा घाबरलेही.

घरी मागच्या अंगणात मायनं मरळ तळायला घेतली होती. झिंग्यांचा रस्सा उकळत होता. मामांचं लक्ष बोलण्यात नव्हतं, त्या वासात होतं. मी मनातल्या मनात दिवस आखत होते. आता जेवण, मग झोप, मग चहा, मग पुन्हा तळं.

तेवढ्यात मुलाची आई गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि म्हणाली, "चाला मंग. निघतो आमी."

आमच्या घरात हे वाक्य भर दुपारी कुणी उच्चारलं की त्याचा एकच अर्थ होता. माझ्या हातातलं तबक तसंच राहिलं. मी बाबांकडे पाहिलं. बाबांचा चेहरा एकदा पडला, मुलीचा बाप होता तो. आणि मग त्या चेहऱ्यावर हळूहळू हॉल्टचा एजंट चढला.

"दुपारची हाय नं!" बाबा म्हणाले. "येतच असंन. पाय उचलले तं भेटून जाते."

"पन भाऊ..." मामा म्हणाले.

"पन नाई न बिन नाई. आता दिवसभर गाड्या हायेत!" असं म्हणून बाबांनी मुलाच्या आईची थैली उचलली आणि ते गल्लीत पळत सुटले. थैली गेली म्हटल्यावर तिच्यामागे तिघांना जाणं भाग होतं. मुलानं वळून माझ्याकडे पाहिलं. मामांनी वळून स्वयंपाकघराकडे पाहिलं. माय हातात उलथणं घेऊन पुढच्या दारात आली तोवर गल्लीच्या टोकाला फक्त धूळ होती.

ती गाडी वेळेवर आली. एवढ्या वर्षांत रेल्वेनं आमच्यावर केलेला हा एकमेव अन्याय.

गावानं दुपारी पाहुणे जाताना पाहिले आणि गावाला कळायचं ते कळलं. मासोळी थंड व्हायच्या आत शेजारणी सांत्वनाला आल्या. बसल्या, चुकचुकल्या आणि मायनं वाढलेली मरळ खात खात म्हणाल्या की आरमोरीची माणसं अशीच. माय बाबांना म्हणाली, "तुमच्या गाडीनं पोरीचं लगन नेलं."

"त्यायलेच जाचं होतं. मी काऊन अडवू? पोरीची शोभा करू का?"

"थैली कोनं उचलली?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी झिंग्यांची एक वाटी घेऊन तळ्यावर गेले आणि पाळीवर बसून रडत रडत सगळी संपवली. झिंगे फार छान झाले होते, त्याचा जास्त राग आला.

आरमोरीहून फोन आला नाही. मुलीकडच्यांनी फोन करायचा नसतो, म्हणून आम्हीही केला नाही. बाबा खिडकीत बसायचे, पण दुपारची गाडी आली की मान खाली घालून तिकिटं मोजल्यासारखं करायचे. एक दिवस ते मला म्हणाले, "दुपारची बंद करा म्हून निवेदन देतो."

"द्या," मी म्हटलं. "गाडी सुरू करा म्हून गळा काढनारा मानूस आता बंद करा म्हनते, हे सरकारले कवा तं पाहू द्या."

मला नंतर वाईट वाटलं, पण तेव्हा मी इतकी चिडलेली होते की मला बोलल्याशिवाय चैन पडत नव्हतं. चिडण्याचं खरं कारण वेगळं होतं. आधीच्या नकारांचं मला काही वाटलं नव्हतं. या वेळी मला कळतच नव्हतं की पाळीवर इतकं हसलेला माणूस चहा पिऊन निघून कसा जातो. नकार द्यायचा तर तोंडावर द्यावा.

शनिवारी अर्धी ड्युटी असते. मी मूलला दुपारच्या गाडीत बसले. आमचा हॉल्ट आला. दोन बाया उतरल्या, एक बकरी उतरली. मी उठले नाही. खरं सांगायचं तर ठरवूनही बसले नव्हते, पाय उठलेच नाहीत. बाबांनी खिडकीतून पाहिलं, मला डब्यात बसलेली पाहिलं आणि धावत आले.

"उतर नं वो! गाडी सुटते."

"वडसेले जातो मी बाबा. तिथून आरमोरीले."

"कायले?"

"विचाराले."

गाडीनं भोंगा दिला. मला वाटलं आता बाबा ओरडतील, गावासमोर मुलगी स्वतः होऊन मुलाकडे चालली. पण ते वळले आणि खोलीकडे पळाले. गाडी हलली. मी तोंड फिरवून घेतलं. तेवढ्यात खिडकीच्या गजांतून एक हात आत आला. बाबा फलाटावर गाडीबरोबर धावत होते, धोतर एका हातात धरलेलं, आणि दुसऱ्या हातात तिकीट.

"तुहं तिकीट इथपर्यंतचंच हाय!" ते ओरडले. "टीसी राह्यते वडसेले!"

मी तिकीट घेतलं. जाण्याचं आणि परत येण्याचं, दोन्ही होतं. वडसा येईपर्यंत मी ते मुठीतून सोडलं नाही.

आरमोरीला मुलाच्या आईनंच दार उघडलं. मला बघून तिनं डोक्यावर पदर घेतला, जणू मीच मोठी होते. मी पाणीसुद्धा प्यायले नाही. उभ्या उभ्याच म्हटलं, "मले एकच विचाराचं हाय. माह्यात काय खोट दिसली?"

"खोट?" ती म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. रागाचं होतं. "तुह्यात कायची खोट वो बाई? तुमच्या घरात हाय खोट. पाहुना उठला तं त्याले बस म्हनाले शिकवलं नाई कोनी तुमाले?"

"तुमीच तं निघतो म्हनलं."

"म्हनाच लागते! पाहुना काय तिथंच राह्याले आला हाय? मी उठीन, तुमी बसा म्हनसान, मी बसीन. आणखी उठीन, तुमी जेवल्याशिवाय सोडनार नाई म्हनसान, मी नाई नाई म्हनत बसीन. असंच राह्यते नं घरोघरी! मी एकदा उठलो न वो, एकदा, आन तुहा बाप माही थैली घेऊन पळाला! आमी समजलो, यायच्या पोरीले पोरगा पसंत नाई. किती घाई झाली यायले आमाले हाकलाची!"

आतल्या खोलीतून मामांचा आवाज आला, "मरळ होती. मी पाह्यली होती."

मी तिथंच खाली बसले. आरमोरीला सारख्या बसेस, सारख्या काळ्यापिवळ्या जीपा. तिथं पाहुणा कोणत्याही क्षणी जाऊ शकतो, म्हणून माणसंच त्याला धरून ठेवतात. आमच्या घरात आग्रह हा प्रकारच नव्हता. कधी गरजच पडली नव्हती. आमच्या वतीनं तो रेल्वे करायची. परत जायला एकच गाडी असल्यामुळे आमच्या तीन पिढ्यांत कुणाला "बसा हो" म्हणायला तोंड उघडावं लागलं नव्हतं. आणि बाबांनी आयुष्यभर निवेदनं देऊन गाड्या आणल्या, पण त्याबरोबर बोलायचं ते वाक्य आणायचं राहून गेलं.

मी हसायला लागले. मुलाच्या आईला वाटलं पोरीला काही झालं. मी कसंबसं तिला सांगितलं, सकाळची गाडी, संध्याकाळची गाडी, शेंगा सोलणारी बाई, वाघाच्या वाटेनं गेलेले पाहुणे. ती ऐकत गेली आणि वाघाशी पोचल्यावर तीही हसू लागली. मामा बाहेर आले आणि म्हणाले, मग त्या मासोळीचं काय झालं? शेजारणींनी खाल्ली, मी म्हटलं. ते खरोखर दुःखी झाले.

तो कामावरून आला तेव्हा पायात गमबूट होते आणि अंगाला शेणाचा वास. मला पाहून उंबऱ्यातच थांबला. आईनं त्याला एका दमात सगळं सांगितलं. तो माझ्याकडे वळला. "म्हंजे तुम्ही नकार दिला नव्हता?"

"नाई. तुम्ही?"

"मी कायले देईन?" तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला. "मी तं रोज त्या म्हशीची गोष्ट मनात आणखी चांगली करून राह्यलो होतो."

घड्याळाकडे पाहिलं तर चारच्या गाडीची वेळ होत आली होती. मी उठले. पदर नीट केला आणि मुद्दाम, हळू, म्हटलं, "चाला मंग. निघतो मी."

मुलाच्या आईनं माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली दाबलं. "बस नं वो! चहाबी नाई झाला." एवढं गोड मला कुणी बस म्हटलं नव्हतं. मी बसले. चहा झाला. नंतर पुन्हा उठले. या वेळी तो म्हणाला, "माय, यायले बांधून ठेव." मी पुन्हा बसले. धानाच्या नव्या तांदळाचा भात, लाखोळीची डाळ, मामांनी आग्रहानं वाढलेलं सगळं. तिसऱ्यांदा कुणी अडवलं नाही, कारण शेवटची गाडी होती. त्यानं मोटारसायकलवर मला वडशाला सोडलं आणि गाडी हलेपर्यंत फलाटावर उभा राहिला, गमबुटांतच.

आमच्या हॉल्टवर उतरले तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. शेडखाली बाबा एकटे बाकावर बसले होते. चारच्या गाडीला आले असणार, संध्याकाळच्यालाही थांबले असणार, मी कशातूनच उतरले नव्हते. ते उठले. काय झालं हे विचारायची त्यांची हिंमत होत नव्हती, ते मला अंधारातही दिसलं. म्हणून त्यांनी एजंटानं विचारावं तसं विचारलं.

"लेट होती का वो?"

"नाई बाबा. टाइमावर होती," मी म्हटलं. "दोन गाड्या सोडल्या मी."

"दोन?"

"दोन."

बाबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला. मग माझ्या खांद्यावरची थैली काढून घेतली आणि घराकडे पळत सुटले.